भाच्याने बांधलेलं कर्नेल

कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी उतरल्या आणि माझा भाचा म्हणाला, "मामी, डिस्क सापडत नाहीये." त्या डिस्कमध्ये माझ्या द्राक्षबागेच्या पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या. वह्या वाळवीने खाल्ल्या, पण त्याआधी यानेच पानापानाचे फोटो काढून ठेवले होते. छाटणी कधी केली, कोणत्या तुकड्यात घड धरण्याआधीच जिरले, सगळं त्यात. दुसऱ्या दिवशी सुरगाण्याहून छाटणीला माणसं येणार होती आणि आधी कुठला तुकडा धरायचा ते या नोंदी बघून ठरायचं होतं. "दुसरी प्रत?" मी विचारलं. "आहे ना. ह्याच डिस्कवर."

चालू वस्तूला हात न लावता या माणसाने जन्मात एक दिवस काढलेला नाही. नणंदेचा मुलगा, पन्नाशी उलटलेली, सिन्नरच्या कारखान्यात वायरमन, राहायला नाशकात माझ्याकडे. माझ्या मिक्सरला त्याने पंख्याचा रेग्युलेटर जोडला, तेव्हापासून शेंगदाण्याची चटणी पाच वेगांत होते. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी जागं होतं ते कर्नेल, तेही त्याला आयतं चालत नाही, स्वतः बांधतो. शेकड्यांनी पर्याय समोर घेऊन तांदूळ निवडावेत तसा एकेक निवडत बसतो. चहाला हाक मारली तर "हो" म्हणतो आणि येत नाही. फाइली ठेवायच्या ज्या नव्या पद्धतीवर बनवणाऱ्यांनीच 'प्रायोगिक' असं लिहून ठेवलंय, नेमकी तीच त्याला हवी; ही डिस्कही त्याने तिच्यावरच मांडलेली. कारखान्यातले हसतात. हा उलट त्यांनाच विचारतो, "सगळे जुनंच धरून बसले, तर नव्यातल्या चुका सापडणार कुणाला?" मला हे पटतं. मी द्राक्षाचं नवं वाण लावलं तेव्हा माझे दीरही असेच हसले होते. मी एकही वेल उपटला नाही.

आणि हा त्या दुपारी खाटेवर बसून म्हणतो, "चुकलंच माझं. लोक म्हणतात तेच खरं. जुनीच पद्धत घेतो." ते मला खपलं नाही.

"ऊठ. सकाळी नवं कर्नेल बांधताना काय काय निवडलंस, एकेक सांग."

"मामी, तुला काय कळणार त्यातलं?"

"मला नाही कळणार. तुला कळतंय तेवढं बोल."

कुरकुरत त्याने सुरुवात केली. बऱ्याच वेळाने त्या नव्या पद्धतीपाशी आला. "हिचा कोड कर्नेलच्या आतच बांधता येतो, नाहीतर वेगळा ठेवून लागेल तेव्हा बोलावता येतो. मी वेगळा ठेवला. हलकं पडतं."

"वेगळा म्हणजे कुठं?"

"डिस्कवर."

"आणि डिस्क वाचायची कशानं?"

"त्याच कोड..."

"मेल्या, किल्ली कपाटात ठेवून कपाट लावलंस की!"

पेनड्राइव्हवरून त्याने यंत्र सुरू केलं, तो कोड आत घेतला आणि कर्नेल पुन्हा बांधायला लावलं. दोन तास यंत्र घरघरत होतं. मग पडद्यावर वह्यांतलं माझं, चौथीपर्यंत शिकलेलीचं, वाकडं अक्षर आलं. छाटणी ठरल्या दिवशी सुरू झाली. नवी पद्धत त्याने सोडली नाही, मी सोडू दिली नाही. एक प्रत मात्र दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली.

कारखान्याने गेल्या वर्षी त्याला परराज्यात पाठवलं. फोन करतो, पण फोनवर भांडण नीट होत नाही. दीर अजून म्हणतात, ही गोष्ट तुम्ही वाढवून सांगता. म्हणू देत. त्या दुपारी त्या खोलीत ते नव्हते. तो होता आणि मी होते.