बापूजींच्या चुका

जिवंत माणसाला स्वर्गवासी करायला एक जोडाक्षर आणि एक टिंब पुरतं. वर्ध्याच्या 'सुमंगल प्रिंटर्स'मध्ये समीक्षाच्या हातून नेमकं तेवढंच झालं. पिपरी मेघेच्या एका घरची लग्नपत्रिका होती. पोरीने दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची जुनी फाइल उघडली, नावं बदलली, तारीख बदलली, गणपतीसुद्धा बदलला. पण त्या जुन्या पत्रिकेतल्या आजोबांचं 'स्व.' या घरच्या आजोबांच्या नावाआधी तसंच राहून गेलं. पत्रिका वाटल्या गेल्या. मग सेलूकडची एक लांबची नातेवाईक बाई तोंडाला पदर लावून भेटायला आली, तेव्हा दार उघडलं ते त्याच आजोबांनी. आजोबांनी तिला बसवून चहा पाजला म्हणे. त्यांचा मुलगा मात्र पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तडक प्रेसमध्ये आला आणि सगळ्यांदेखत नको नको ते बोलून गेला.

पत्रिका पुन्हा छापायचं ठरलं. प्रश्न समीक्षाचा होता. ती कॉम्प्युटरपुढे बसून रडत होती आणि तिची पर्स मांडीवर होती.

"ताई, मी उद्यापासून नाई येत," ती उज्वलाला म्हणाली. "मले नाई जमत हे काम."

उज्वला म्हणजे या प्रेसमधलं जुनं माणूस. नालवाडीला तिच्या बापाची भाजीची वाडी होती. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि दुपारी टायपिंगच्या क्लासला जायचं, असं करत ती विसाव्या वर्षी इथे चिकटली. आज चाळिशी उलटली तरी तिची ही खुर्ची सुटलेली नाही. समीक्षाला शिकवायचं कामही तिच्याकडेच होतं. पोरीची बोटं चपळ होती, डोकं त्याहून चपळ. ही गेली तर पुन्हा कुठल्या प्रेसची पायरी चढणार नाही, हे उज्वलाला दिसत होतं, कारण एकदा तीही अशीच पर्स घेऊन बसली होती.

तेव्हा बापूजी होते. सिंदीहून रोज सकाळच्या गाडीने येत. शर्टाच्या खिशात लाल पेन, हातात डबा, आणि गाडीला उशीर झाला की दिवसभर रेल्वेच्या नावाने पुटपुट. मालक बंडूजींच्या वडिलांच्या काळात त्यांनी शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापल्या होत्या. खिळे गेले, मशीन गेलं, बापूजी प्रूफं वाचायला राहिले. त्या खिळ्यांचे लाकडी खण अजून आहेत, त्यांत आता स्टेपलरच्या पिना असतात. शाईचा तो तेलकट वास मात्र गेला, आणि उज्वलाला त्याची आठवण येते तेव्हा खरं तर बापूजींची येत असते.

त्यांनी तिला नावं शेवटून वाचायला शिकवलं. "खालून वर येजो. सरळ वाचलं का डोया पुढं धावते." घरात कोण वारलं, असं गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही, हेही त्यांचंच. "लग्नाचं घर आहे. आशीर्वाद द्याले कोण कोण आहे, असं विचारजो. जे नाई ते आपोआप समजते."

इतकं शिकूनही दुसऱ्याच महिन्यात तिने सोमवारच्या लग्नाला मंगळवार छापला. निम्मे पाहुणे अक्षता टाकायला दुसऱ्या दिवशी येणार होते. ती मान खाली घालून बसली, तेव्हा बापूजी स्टूल ओढून शेजारी आले आणि डबा उघडत म्हणाले, "वारच चुकला ना? मीनं तं गावच चुकवलतं. वरात गेली सेलूले आन् नवरी बसली हिंगणघाटले. बँडवाल्यानं मले आठ दिवस शोधलं." उज्वलाला रडता रडता हसू फुटलं. मग त्यांनी डब्यातली अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवली आणि दोघांनी मिळून पत्रिका पुन्हा वाचली.

पुढे हे नेहमीचंच झालं. तिने आडनाव चुकवावं, तर बापूजींनी नवरीचं नावच गाळलेलं असायचं. तिने कुणाच्या श्रद्धांजलीत फोटो तिरपा लावला, तर बापूजींनी भलत्याच माणसाचा लावलेला. तिच्या प्रत्येक चुकीवर त्यांची एक थोरली चूक तयार असे. बापूजी तरुणपणी भलते वेंधळे असणार, अशी तिची खात्रीच पटली होती. "तुमाले कामावर ठेवलं तरी कसं?" असं ती त्यांना चिडवायची, आणि ते मिशीत हसत पान उलटायचे. त्यांना नीट दिसेनासं झालं तेव्हा ते सिंदीला घरी बसले. निरोपाच्या दिवशी ती इतकी रडली की बंडूजींना पंखा लावून पाणी मागवावं लागलं.

समीक्षाला तिथेच थांबायला सांगून उज्वला बंडूजींच्या टेबलापाशी गेली. "भाऊ, पोट्टीले तुमी दोन शब्द समजावून सांगा. चुका कोणाच्या होत नाई? बापूजीनं तं वरात सेलूले धाडलती."

बंडूजी चष्मा काढून बघत राहिले. "कोणी? बापूजीनं? वेडी झाली का? बाबाच्या काळापासून त्या माणसाच्या हातचा एकई कागद वापस आला नाई. बाबा मले तेच तं ऐकवे उठता-बसता."

उज्वला टेबलापाशीच उभी राहिली. सेलूची वरात नव्हती. गाळलेली नवरी नव्हती. इतक्या वर्षांच्या सगळ्या चुका त्या माणसाने बसून रचल्या होत्या, एकेक तिच्यासाठी, तिच्या चुकीहून थोडी मोठी. तिला भरून आलं, आणि असा राग आला की सिंदीला जाऊन त्यांच्याशी भांडावं. मग तिने डोळे पुसले आणि स्टूल ओढून समीक्षाजवळ बसली.

"आजोबाच ना?" ती म्हणाली. "मीनं तं नवरदेवालेच स्वर्गवासी केलतं."

समीक्षाने मान वर केली. "खरंच?"

"मंग? चि.च्या जागी स्व. पडलं. नवरदेव सोताच आला प्रेसमधी. म्हणे, ताई, मी हाओ का गेलो, ते एकदा पक्कं सांगा, मंग हळद लावतो."

खोटं बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही. समीक्षा नाक पुसत हसली, आणि थोड्या वेळाने पर्स मांडीवरून खाली गेली. उज्वलाने डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

घरी गेल्यावर तिने सिंदीला फोन लावला. बापूजींना आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने विचारावं लागलं. "बापूजी, ती वरात खरंच सेलूले गेलती का?"

पलीकडून तेच मिशीतलं हसू ऐकू आलं. "बंडूनं सांगतलं वाटते."

"तुमच्या हातून एकई चूक झाली नाई, म्हणते."

"झालती एक. इथं नाई, नागपूरले, पयल्या नोकरीत. मालकानं सगळ्याईसमोर कागद तोंडावर फेकला. घरी जाऊन मी आठ दिवस जेवलो नाई, ना परत गेलो. त्या दिवशी कोणी बाजूले बसून म्हणलं असतं, बापू, माह्यानंई असंच झालतं, तं मी राह्यलो असतो."

मग तिने समीक्षाची सगळी गोष्ट सांगितली, नवरदेवासकट. ते खूप वेळ हसले, खोकला येईपर्यंत.

"पोट्टी राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"राह्यली."

"मंग उद्या तिले नावं खालून वाचाले लावजो."