चर्चचा गुरुवार

आमच्या सणसवाडीच्या चर्चमधले किस्से सांगायला बसलो तर संपायचे न्हाईत. एक सांगून हसतोय तवर दुसरा घडतो! आन् निम्म्यात मला कान धरून पुढं उभं केलेलं असतं, त्यामुळं सगळं जवळनं दिसतं.

*

कंपन्यांमधी झारखंड, ओडिशाची लई ख्रिस्ती माणसं. पाळकसाहेबांनी ठरवलं, त्यांना चर्चमधी बोलवायचं. हिंदीत बॅनर लावला. रविवारी पन्नास जणांचं जेवण केलं. आलं कोण? एक कुत्रं!

पुढच्या रविवारी पुन्हा पन्नासाचं. पुन्हा तेच कुत्रं. या बारीला घरची मंडळी घिऊन आलं.

शमुवेल आबा म्हणले, "आपणच परके हाय असं समजा आन् वाढा!"

चर्चची पयली वीट आबांनी ठेवलेली. त्यांच्यापुढं पाळकसाहेबबी हळू बोलतात.

*

मला कामगारांच्या चाळीत चौकशीला धाडलं. तिथं झारखंडचा फिलिप भेटला, वेल्डर. म्हणलं, "आते क्यूं नहीं रे?"

"भाई, संडे को ड्यूटी है. छुट्टी गुरुवार को. दो साल से चर्च नहीं देखा."

गुरुवारची सुट्टी अख्ख्या सणसवाडीला ठावं, फकस्त आमच्या कमिटीला न्हाई! कमिटीत सगळे रिटायर मास्तर, त्यांना रोजच रविवार.

*

मीटिंगमधी गुरुवारच्या उपासनेचा विषय निघाला. आबा उसळले, "आज गुरुवार म्हणता, उद्या नाताळ शिमग्याला कराल!"

पाळकसाहेब कवा न्हाई ते अडून बसले. शेवटी आबा म्हणले, "एक गुरुवार देतो. मी सोता येऊन बसनार. पटलं तर पुढं चालू, न्हाईतर कुलूप."

फिलिपला हे सांगितलं, तर गड्यानं नवा शर्ट घेतला.

*

गुरुवारी चर्च गच्च. बाया, लेकरं, ढोल! सुरुवातीची प्रार्थना आबांची. आबांची प्रार्थना म्हंजी यवतवरनं सुटलेली यष्टी, एक थांबा सोडायची न्हाई.

फिलिपनं मला आधी इचारलेलं, प्रार्थना करणाऱ्या मोठ्या माणसाला मराठीत आदरानं काय म्हणायचं? मी शिकवलं. मला काय ठावं, खरंच म्हणंल!

अर्धा तास झाला. फिलिप उठला, हात जोडले आन् गोड आवाजात म्हणला, "आबा, आवरा आता!"

ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली.

आबांनी डोळे उघडले. "कुणी शिकवलं?"

फिलिपनं लई कौतुकानं माझ्याकडं बोट केलं.

आबा म्हणले, "आमेन," आन् खाली बसले. तोंडावरनं काय कळंना. मी दाराकडं सरकलो.

*

त्यांची गाणी झाली, ढोल घुमला. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत बसले.

आमच्यात पद्धत हाय, शेवटी नव्या माणसानं उभं राहून नाव-गाव सांगायचं. पाळकसाहेबांनी ते काम फिलिपवर सोपवलं. त्यानं इचारलं, "यहाँ पहली बार कौन आया है?"

एकेक उठला. गुमला. सिमडेगा. सुंदरगड. माझ्या भूगोलात न्हाईत असली गावं. सगळे सांगून बसले.

"और कोई?"

काठी टेकत आबा उभे राहिले.

"शमुवेल. सणसवाडी. पयल्यांदाच आलोय."