अडसर

बचावफळीत तो उभा राहिला की चेंडू पुढे सरकायचा नाही, म्हणून गावानं त्याचं नाव अडसर ठेवलं होतं. बारा वर्षं मोठ्या क्लबांतून खेळून तो निवृत्त झाला आणि परत आला, तेव्हा त्याला जिना कठड्याला धरून उतरावा लागत होता. गावच्या क्लबानं त्याला प्रशिक्षक नेमलं.

राग कायम नाकावर. उशिरा येणाऱ्यावर राग, गवत वाढू देणाऱ्या माळ्यावर राग. बायको म्हणायची, बुटांबरोबर रागही दाराबाहेर काढत जा. बूट निघायचे.

खरा राग क्लबच्या डॉक्टरवर होता. एकोणिसाव्या वर्षी, गावच्याच संघाकडून खेळताना, अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, याच डॉक्टरनं त्याच्या सुजलेल्या गुडघ्यात दुखणं मारणारी सुई टोचून त्याला पुन्हा मैदानात पाठवलं होतं. कप मिळाला. पुढची बारा वर्षं तो सुयांच्याच जोरावर खेळला.

दुसऱ्या हंगामाचा शेवटचा सामना. हरलो तर खालच्या गटात, हे सगळ्यांना माहीत होतं. मध्यंतराआधी त्याच्या भाच्याचा, संघाच्या हुकमी आघाडीवीराचा, गुडघा मुरगळला. बदली खेळाडूला तयार व्हायला सांगून तो ड्रेसिंग रूममध्ये शिरला, तर भाचा बाकावर आडवा, डॉक्टरच्या हातात भरलेली सुई आणि दाराशी क्लबचे अध्यक्ष. त्यानं डॉक्टरचं मनगट पकडलं, सुई काढून घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली.

अध्यक्ष समजावू लागले, पंचेचाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. भाचा रडकुंडीला आला होता.

"मामा, मला खेळायचंय. गुडघा माझा आहे."

"तुझाच आहे. चाळिशीतही तुझाच राहणार आहे."

एका गोलनं हरले. दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकावर कोणीतरी रंगानं 'गद्दार' लिहिलं. बहीण आली ती बसलीसुद्धा नाही. भाचा पुढे जातोय हे तुला बघवत नाही, एवढं बोलून गेली. त्यानं हातातला पेला भिंतीवर आपटला.

त्याला काढण्यासाठी सभासदांची बैठक भरली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो उठला, पँट वर गुंडाळली आणि पाय खुर्चीवर ठेवून वेडावाकडा, टाक्यांच्या व्रणांनी भरलेला गुडघा सगळ्यांसमोर धरला.

"कप कपाटात आहे. त्याची किंमत इथे आहे. नीट बघून घ्या."

मग मागून त्या वेळचा कर्णधार, आता बसचालक असलेला, सावकाश उभा राहिला. मलाही टोचली होती, म्हणाला. त्याच्यामागून तेव्हाचा गोलरक्षक उठला. डॉक्टर समोरचे कागद सारखे करत राहिला.

डॉक्टरला काढलं. अडसर चार मतांनी टिकला. अध्यक्ष मात्र खुर्चीतच राहिले, आणि ते त्याला आजही सहन होत नाही. भाच्याची शस्त्रक्रिया झाली, दहा महिन्यांनी तो धावू लागला. बहीण बोलू लागली, पण ते वाक्य तिनं कधी मागे घेतलं नाही.

संघ अजून खालच्याच गटात आहे. गेल्या महिन्यात भाच्याचा घोटा दुखावला, तेव्हा त्यानं स्वतःच हात वर केला आणि लंगडत बाहेर आला. त्याला वाटलं असेल, मामा शाबासकी देईल.

"चालत कशाला आलास, गाढवा? खाली बसायचं होतंस तिथेच," अडसर ओरडला, आणि गुडघे कुरकुरत असतानाही बर्फ आणायला स्वतः निघाला.