साखळीवाला पिराजी

कसबा बावड्याच्या पिराजीला अख्खं कॉलेज 'साखळीवाला' म्हणायचं. तो जिमखान्याचा शिपाई. एकतीस वर्षं त्यानं मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या, जर्स्या धुऊन वाळत घातल्या, फुटबॉलात हवा भरली. दरवर्षी आसपासच्या कॉलेजांचे क्रीडा शिक्षक मिटिंगला जमत आणि दरवर्षी तोच वाद पेटे. विजेता ठरवायचा कसा, बाद पद्धतीनं की साखळी पद्धतीनं? बाद पद्धतीत हरला तो घरी गेला, दोन दिवसांत कप देऊन सगळे मोकळे. साखळीत सगळे सगळ्यांशी खेळणार आणि मग गुण मोजले जाणार. चहाचा ट्रे हातात धरून पिराजी कुणी न विचारता मध्येच तोंड घाली.

"सर, मलकापूरच्या पोरी पाटंचं उठून येत्यात. एक मॅच हरल्या की दुपारच्या एसटीनं माघारी. एका मॅचवर कोण चांगलं, कोण वाईट कळतंय व्हय? तीन तरी खेळू द्या की!"

सर लोक हसत. त्याच्याच कॉलेजचे पृथ्वीराज सर म्हणत, "पिराजी, चहा गार होतोय." शिपायाचं म्हणणं कितीही खरं असलं तरी ते शिपायाचंच, ही आपली जुनी खोड. पण हा गडी हटला नाही. मंगळवार पेठेतल्या टपरीवर तो अनोळखी माणसालाही अडवी. "पावणं, तुमीच सांगा, बाद बरी का साखळी?" बिचारा पाहुणा चहा अर्धा टाकून पळे.

यंदा सर लोकांना पटलं म्हणा की कंटाळा आला म्हणा, मुलींच्या फुटबॉलला साखळी ठरली. चार संघ, प्रत्येकाला तीन सामने. पिराजीनं सगळ्यांना भजी खाऊ घातली. त्याची पोरगी राजनंदिनी यंदा कॉलेजच्या संघाची कप्तान होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष. जिंकणारा संघ पुढं पुण्याला खेळायला जाणार होता. तेवढ्यासाठी तिनं लग्नाची बोलणी थांबवून धरली होती.

शेवटच्या दिवशी सकाळीच तिचा तिसरा सामनाही संपला. दोन जिंकले, एक बरोबरीत. बरोबरी झाली होती शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजशी आणि त्यांचा मलकापूरशी सामना दुपारी व्हायचा होता. तो त्यांनी जिंकला तर गुण सारखे, मग गोलांचा फरक बघायचा. कप न्यायला त्यांना पाच गोलांनी जिंकायला हवं होतं. मलकापूरच्या पोरी हरल्या होत्या खऱ्या, पण कुणाला दोनच्या वर गोल करू दिले नव्हते. "आबा, झालंच की आपलं," राजनंदिनी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत त्या मलकापूरच्या पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची कप्तान संयोगिता सारखी घड्याळाकडं बघत होती. चौदा जणींतल्या सात जणी मलकापूरच्याही पुढच्या वाड्यांवरच्या. गाडी चुकली की जंगलातली वाट आणि अंधार. पिराजीनं त्यांना आपल्या डब्यातली भाकरी दिली आणि मायेच्या भरात बोलून गेला, "तुमचं आता जिंकून-हरून काय हाय गं? लांबच्या जणी जावा तीनच्या गाडीनं. सात जणींवर बी मॅच व्हतीया."

नियम खराच होता. सात जणी गेल्या. पिराजीला पोरींची काळजी दिसली, गुणांचा तक्ता दिसला नाही. साखळीत एकही सामना फुकटचा नसतो, हे जन्मभर साखळीचा जप करणाऱ्याला त्या घडीला सुचू नये, याला काय म्हणावं!

अकरा विरुद्ध सात. मलकापूरवर सहा गोल झाले. राजनंदिनी रेषेबाहेर उभी राहून एकेक गोल बघत होती. तिच्या मागं उभा असलेला पिराजी बोटांवर गोल मोजत होता.

पंधरवड्यानं मिटिंग भरली. मलकापूरनं मुद्दाम सामना सोडला, साखळीत असले उद्योग होणारच, असं पृथ्वीराज सरांनी ठासून सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा बाद पद्धत आणि मलकापूरच्या मुलींना वर्षभर बंदी, असं ठरत आलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, सर आपणहून त्याच्याकडं वळले. "काय साखळीवाले, तुमचं काय म्हणणं?"

नोकरीची दोन वर्षं उरली होती. "मी काय बोलणार, सर," पिराजी म्हणाला आणि कप गोळा करू लागला.

घरी राजनंदिनी चपात्या लाटत होती. तिच्याजवळ बसून त्यानं सगळं सांगितलं, बंदीचं आणि त्या पोरींना आपणच पाठवल्याचं. सांगता सांगता रडला. तिचं लाटणं थांबलं नाही.

"मला म्हाईत हाय, आबा. संयोगितानं त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी त्यांच्या भल्यासाठीच सांगितलासा. कप गेला, त्याचा राग न्हाय मला." चपाती तव्यावर टाकून ती वळली. "पर त्या पोरींचं अख्खं वरीस गेलं की. आज तिथं का बोलला न्हाईसा?"

तिनं ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि न जेवताच बाहेर जाऊन बसली.