बाबांच्या कोटाची पाठ

माझ्या वडिलांना पुरलं, तेव्हा त्यांच्या कोटाला पाठ नव्हती. ती माझ्या मोटारसायकलच्या बॅटरीने खाल्ली होती. म्हणजे मीच खाल्ली म्हणा, बॅटरीला कोण बोलणार!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नंदाखालचा शाळामास्तर. नुकतीच जुनी मोटारसायकल घेतलेली. आमच्याकडे केळीच्या वाड्या, दिवसभर पाटाचं पाणी फिरलेलं, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे अशी थंडी की कोंबडासुद्धा उशिरा आरवायचा. माझी गाडी तर आरवायचीच नाही. किकवर किक मारून मला घाम फुटे, ठिणगी काही पडेना.

मेकॅनिकने बॅटरी उघडून बघितली.

"पानी कवा घातलंत?"

"कसलं पाणी?"

त्याने कपाळाला हात लावला. "थंडीत बॅटरी मरते, मास्तर. बाटलीतलं शुद्ध पानी घाला, पन खुनेपर्यंतच! आनि रातची काढून घरात उबेला ठेवा."

यातलं 'खुणेपर्यंतच' तेवढं मी सोडलं, बाकी सगळं तंतोतंत पाळलं. कमी पाण्याने मरते, तर गळ्यापर्यंत भरलेलं बरं ना! (मी शाळेत विज्ञान शिकवायचो.) उबेची जागा म्हणून बाबांच्या खाटेखालची ट्रंक शोधली. आत जुन्या चादरीत बांधलेलं एक मऊ गाठोडं होतं. त्यावर बॅटरी आडवी निजवली, वर गोधडी घातली, झाकण लावलं. पोटच्या पोरांनाही मी इतक्या मायेने कधी निजवलं नाही.

खाटेवर बाबा होते. महिनाभर छाती भरलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्यांचं एकच मागणं होतं.

"पास्कू, फादर वेळेवर आले पायजेत. तेल लावल्याशिवाय मला धाडू नको."

पापांचा शेवटचा कबुलीजबाब द्यायचा, कपाळाला तेल लावून घ्यायचं आणि जायचं, बस्स. मी छातीठोकपणे म्हणालो, "बाबा, गाडी आहे ना! पाच मिनिटांत आणतो."

शाळेला सुट्टी होती, म्हणून बॅटरी दोन दिवस तशीच निजलेली. तिसऱ्या पहाटे आईने मला हलवलं. "ऊठ. त्यांचा श्वास बदललाय."

मी अंधारात चाचपडत बॅटरी काढली, जोडली, किक मारली. काही नाही. दहा किक. वीस.

आतून बाबांचा आवाज आला, "अजून नाय?"

"होतेय, बाबा!"

तीस. "पास्कू... चालत... गेला असतास तर..." पुढचं बोलायला त्यांना दम नव्हता. गरजही नव्हती.

शेजारचे दुमिंगकाका कानटोपी घालून धक्का मारायला आले. "सेकंडला टाक! सोड क्लच!" गाडी एकदा शिंकली. झाली सुरू, असं समजून काका खुशीत घरी गेले, आणि ती तिथंच गप्प झाली. आता टाकून पळावं की नाही? पण पुढच्या धक्क्याला नक्की होईल, पुढच्या धक्क्याला नक्की होईल, असं करत करत मी ती देवळापर्यंत (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) ढकलत नेली!

फादर सकाळच्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, तयारी करत होते. त्यांनी मला बघितलं, गाडी बघितली, तेलाची डबी खिशात टाकली आणि आपली सायकल काढली. "कॅरियरवर बस." साठीचे फादर पुढे पॅडल मारताहेत, आणि मी, मोटारसायकलचा तिशीतला मालक, मागे बसून थंडीने आणि भीतीने कापतोय.

बाबा अजून होते! कबुलीजबाब झाला, तेल लागलं. दाराआड उभा राहून मी हुंदके देऊन रडलो. मग बाबांनी डोळे उघडले.

"गाडी?"

"देवळापाशी आहे, बाबा."

"फादर, जाताना तिलापन तेल लावा."

फादर हसले. बाबाही हसायला गेले, खोकले, आणि ऊन अंगणात उतरायच्या आत गेले.

आई म्हणाली, "ट्रंकेतलं गाठोडं काढ." त्यात बाबांचा काळा लोकरी कोट होता. साठी झाली तेव्हा पुरायच्या दिवसासाठी म्हणून शिवून घेतलेला. झिजेल म्हणून त्यांनी तो नाताळलाही कधी अंगात घातला नव्हता. मी चादर सोडली, तर तीच हातात फाटत आली. पुढून कोट नवाकोरा. पाठीच्या जागी मात्र जाळी, आणि हात लावताच तीही गळून पडली! बॅटरीतलं सगळं ॲसिड तिथं सांडलं होतं, मग ठिणगी कुठून पडणार?

आईने मला मारायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, "उताणंच निजवायचंय त्यांना. कोन बघतं?" दाराला कडी घालून आम्ही दोघांनी तो बाबांना घातला.

माणसं आली. दुमिंगकाकांनी कोटाची बाही चिमटीत धरून बघितली. "कापड बघ! अजून वीस वर्षं हलायचं नाय!" मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं, पण ती सोय त्या दिवशी बाबांसाठी केलेली होती.

बरं, आमच्या धर्मात हे प्रकरण इथंच मिटत नाही. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले थडग्यांतून उठणार, देवासमोर उभे राहणार. अख्खं नंदाखाल! आणि त्यात माझे बाबा, पाठीमागे उघडे. म्हणून मी बायकोला बजावून ठेवलंय, "मला बाबांच्या अगदी मागे पुरा. उठल्या उठल्या मी त्यांच्या पाठीला चिकटून उभा राहीन."

बायकोने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"तुम्ही? उठल्या उठल्या? अहो, किकवर किक मारून तुम्ही डोळे उघडाल तोवर बाबांची पाठ बघून गाव स्वर्गात पोचलेलं असेल!"