आत्याबाईंचं अँथुरियम

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. गुडघे धरले म्हणून अजिंठ्याकडचं गाव सोडून त्या आमच्याकडं शहरात, पुंडलिकनगरला राहायला आल्या. शेत दिरांकडं गेलं होतं. आयुष्यभर राबलेल्या बाईला दिवस कसा घालवावा ते कळेना.

त्याच सुमारास मी हर्सूलच्या एका नर्सरीतून अँथुरियमची दोन रोपं आणली, एक लाल, एक पांढरं. आमच्या उन्हात ती टिकणार नव्हती, म्हणून मागच्या अंगणात हिरवी जाळी ताणून बाजूंनी गोणपाट लावले. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. तरी आत्याबाई तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवून गोणपाटांवर शिंपडायच्या. पण त्यांना झाडाचं काही कौतुक नव्हतं. "नुसतं मिरवायचं फूल. याला कुठं बी धरतं?"

एके सकाळी त्यांना पांढऱ्या फुलाच्या मधल्या दांडीवर चिकट थेंब दिसले. लाल फुलाच्या दांडीवर पिवळसर भुकटी होती. "हे तर क्रॉसिंग मागतंय!" त्या म्हणाल्या. तरुणपणी त्यांनी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर किती हंगाम फुलाला फूल लावलं होतं. त्यांनी बोटानं भुकटी टिपली, थेंबांवर फिरवली आणि देठाला लाल दोरा बांधला. चार-पाच सकाळी हेच केलं. पुढं आणखी एका फुलालाही.

दांडी हळूहळू फुगली. "पोटुशी हाय, हात लावू नको," असं मला बजावायच्या. सहा-सात महिन्यांनी तिच्यातून पिवळे मणी बाहेर डोकावले. आत्याबाईंनी ते फोडले, बी ताटात पसरून दोन दिवस उन्हात वाळवलं, राखेत घोळलं आणि चांगला दिवस बघून पेरलं.

महिना झाला. एक कोंब आला नाही.

"माझ्या हातचं बी कधी वाया गेलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी धड जेवल्याही नाहीत. मग मी रिक्षा करून त्यांना हर्सूलला नेलं. नर्सरीवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, शांत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अम्मा, बी सुखाया क्या?"

"मग? वाळवल्याबिगर बी पेरतेत का?"

"हे ज्वारीचं बी नाय, अम्मा. गर धुवायचा और उसी दिन लगा देना. सूखा तो गया."

"म्हंजी मीच मारलं."

"मैंने भी पहले साल यहीच किया था," चाचा म्हणाले आणि नारळाच्या भुशाची एक पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

दुसरी दांडी पिकली त्या दिवशी आत्याबाईंनी चहाच्या गाळणीत बी धुतलं, मिठाईच्या डब्यात ओल्या भुशावर नुसतं ठेवलं आणि वर प्लॅस्टिक झाकलं. बाराव्या दिवशी मी ऑफिसला निघत होते, तर मागून हाक आली, "अगं, पळत ये!" त्यांना खाली वाकता येत नव्हतं. मी डबा उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. टाचणीच्या टोकाएवढे हिरवे कोंब होते. त्या माझा दंड घट्ट धरून उभ्या राहिल्या. मला उशीर झाला आणि त्याचं काही वाटलं नाही.

ती रोपं फुलायला अडीच वर्षं लागली. बहुतेक लालच निघाली. एकच फूल फिकं गुलाबी आलं, बाळाच्या तळव्यासारखं. कधी एकट्या घराबाहेर न पडणाऱ्या आत्याबाई ती कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं हर्सूलला गेल्या. संध्याकाळी घरी येऊन बघते तर कुंडी परत जाळीखाली आणि आत्याबाई खुशीत.

"चाचानं झाड मागितलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"त्याला म्हणलं, पिल्लू फुटलं की देईन. आई नाय देणार."

पुढच्या वर्षी त्यांनी ते पिल्लू स्वतः नेऊन दिलं. आता आत्याबाई नाहीत, चाचांची नर्सरीही उठली. गुलाबी फूल मात्र आमच्या गल्लीत सात घरी आहे, आणि शेजारणी त्याला आत्याबाईंचं फूल म्हणतात.