पुठ्ठ्याचं यान

काल भाचीनं आमच्या लहानपणची अंतराळयानाची मालिका लावली. कप्तान पाठ केलेलं म्हणावं तसा बोलत होता. दुसऱ्या सीझनमध्ये तर राक्षस गोणपाट पांघरून आले.

सोलापूरच्या घरात याच मालिकेसमोर, तापलेल्या टीव्हीच्या वासात, दादा हसला होता. "आप्पा, हे पुठ्ठ्याचं यान बघून ही सायन्सला जाणार म्हणती. आर्ट्सला घाला तिला." आप्पाही हसले, आणि त्यांनी मला आर्ट्सलाच घातलं.

काल शेजारी बसलेला दादा म्हणाला, "मी तवाच सांगितलं होतं की, लई भिकार अभिनय."

"अभिनय भिकारच होता," मी म्हणाले. "पण तेव्हा तू अभिनयाबद्दल बोलत नव्हतास."

तो उठून गेला. मी त्याला थांबवलं नाही.